धरणकाठचे वेडर कसे मोजायचे? खान्देशातल्या नव्या पक्षीगणकांसाठी

डिसेंबर संपत आला की भुसावळ-जळगावच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर मेसेज फिरू लागतो: हतनूरला गणना आहे, कोण कोण येतंय? हात वर करणाऱ्यांत निम्मे नवखे असतात. बदकं, बगळे, करकोचे त्यांना जमतात. अडचण येते ती पाण्याच्या कडेला चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या, सगळ्या एकसारख्या दिसणाऱ्या भुऱ्या पाखरांची. मग यादीत "छोटे पक्षी, बरेच" असं काहीतरी लिहिलं जातं आणि ती नोंद वाया जाते.

ही भुरी पाखरं म्हणजे वेडर. टिटव्या, चिखल्ये, तुतवार, टिलवे, पाणलावे, शेकाट्ये, मालगुजे हे सगळे त्यात आले. काही इथलेच रहिवासी, पण बरेचसे हिवाळी पाहुणे. छोटा टिलवा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा, आणि त्याची वीण उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात होते. मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांवरून जातो आणि तापीचं खोरं त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या 60 टक्के जाती कमी झालेल्या दिसल्या. स्थलांतरित वेडर हा घटणाऱ्या गटांपैकी एक. असे अहवाल तयार होतात ते तुमच्या-आमच्या याद्यांवर, म्हणून याद्या नीट हव्यात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बाकीचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून मोजावं लागतं. आपल्याकडे भरती नाही, पण काठ मात्र सरकतो. धरणातून रब्बीला पाणी सुटलं की कड मागे हटते आणि चिखल उघडा पडतो. वेडरना पाणी लागत नाही, त्यांना तो चिखल लागतो. त्यामुळे पाणी किती होतं हे न लिहिता फक्त पक्षी लिहिले तर त्या आकड्यावरून पुढे काहीही सांगता येत नाही.

1. जागा निवडा, आणि ती लहान ठेवा

पहिल्या वर्षी अख्खं हतनूर अंगावर घेऊ नका. तापी आणि पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवपासून पसरलेला तो फुगवटा पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि तिथे मोजायला अनुभवी माणसांची फौज लागते. त्यांच्याबरोबर जा, शिका, पण स्वतःची जागा वेगळी धरा. घरापासून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल, दर महिन्याला जाता येईल आणि दोन तासांत संपेल अशी.

जळगावकरांनी मेहरूण तलावावर हात बसवावा. फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे पक्षी माणसाला सरावलेले आणि जवळून दिसतात. धुळेकरांना नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत. जामनेर-भुसावळकडच्यांना वाघूर, चाळीसगावकरांना मन्याड आणि जरा पलीकडे गिरणा धरण. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत, आणि उकाईचं पाणी गुजरातेतून आपल्या हद्दीत शिरतं तो फुगवटा आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोजायला जाऊ नका. घोडेबाजार बघायला अवश्य जा, दुर्बीण घरी ठेवून.

जागा ठरली की एकदा दुपारी रिकाम्या हाताने फिरून या आणि तीन-चार थांबे नक्की करा. दोन थांब्यांत साधारण अर्धा किलोमीटर अंतर असावं, म्हणजे तेच पक्षी दोनदा मोजले जात नाहीत. थांब्याची खूण पक्की हवी: विहीर, पंपघर, जुनं बाभळीचं झाड, देवळाचा ओटा. "पाण्याच्या कडेला" ही खूण नव्हे, महिन्याभरात ती शंभर पावलं आत गेलेली असेल. प्रत्येक थांब्यावरून समोरचा फोटो काढा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा आणि कुठून कुठपर्यंत मोजणार तो पट्टा कागदावर काढून ठेवा.

2. आधी पाणी समजून घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात.

पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरणं भरलेली असतात, पाणी थेट गवताला आणि बाभळींना टेकलेलं. तेव्हा वेडरना उभं राहायला जागा नसते. पाहुणे ऑगस्टपासूनच येऊ लागतात, पण ते गावतळी, भरलेले खड्डे, भिजवलेली शेतं अशा ठिकाणी विखुरलेले असतात. कालव्यांना पाणी सुटतं तशी धरणाची कड उघडी पडू लागते आणि जानेवारी ते मार्च या काळात चिखलाचे पट्टे रुंद होतात. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचे थवे त्याच पट्ट्यांवर उतरतात.

आता समजा, एका वर्षी पाऊस चांगला झाला, जानेवारीतही धरण तुडुंब आहे आणि तुम्हाला चाळीस टिलवे दिसले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, धरण निम्मं रिकामं आणि टिलवे चारशे. टिलवे दहापट वाढले का? नाही, जागा वाढली. उलट्या दिशेनेही हेच होतं. "पक्षी घटले" अशा बातम्यांतल्या कितीतरी बातम्या खरं तर "यंदा धरण भरलेलं होतं" एवढंच सांगत असतात.

म्हणून दर मोजणीला दोन गोष्टी लिहायच्याच. एक, धरणाची त्या दिवशीची पाणीपातळी किंवा साठ्याची टक्केवारी. पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात ती रोज लिहिली जाते, विचारली तर सांगतात, आणि बरेचदा वर्तमानपत्रातही येते. दोन, प्रत्येक थांब्यासमोर ओल्या चिखलाचा पट्टा अंदाजे किती रुंद आहे: पाच मीटर, वीस, पन्नास. गावतळ्याला पातळीची पट्टी नसते. तिथे एखादा खडक किंवा पायऱ्या धरा आणि पाणी कितव्या पायरीवर आहे ते लिहा.

गाळपेर होत असेल तर तीही नोंदवा. धरणातलं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गहू, हरभरा, टरबूज घेतात. नांगर फिरल्यावर आणि पाणी दिल्यावर त्याच वावरात टिटव्या, बगळे, धोबी पक्षी गोळा होतात. पीक उंच झालं की वेडरना ती जागा बंद. शेतकऱ्यावर चिडून उपयोग नाही. तो पट्ट्याने दिलेली जमीन कसतो आणि पक्षी कधी आले, कधी गेले हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. "काय पाहून राहिले भाऊ?" असं कुणी विचारलं की दुर्बीण त्याच्या हातात द्या. पुढच्या खेपेला तोच बांधावरून हाक मारून सांगतो, "तिकडं लांब चोचीचे उतरलेत, या वाटेनं जा."

3. परवानगी आणि कागद

काठाच्या गावच्या रस्त्यावरून मोजायला सहसा कुणी अडवत नाही. अडवतात ते भिंतीजवळ. धरणाची भिंत, दरवाजे, पंपहाउस हा प्रतिबंधित भाग असतो आणि तिथे कॅमेरा काढला की चौकशी होतेच. त्यामुळे:

- धरणाच्या संबंधित पाटबंधारे उपविभागाला साधा अर्ज करा. कशासाठी, कुठल्या तारखांना, किती जण, कुठल्या काठाला, एवढं पुरे. पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा.
- अभयारण्यात मोजायचं असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्यात येतं हे बरेच जण विसरतात.
- प्रत्येकाचं आधारकार्ड किंवा ओळखपत्र, आणि असल्यास संस्थेचं किंवा कॉलेजचं पत्र.
- गावच्या सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना एक फोन. कागद नसला तरी हा फोन हवाच. अनोळखी माणसं पहाटे दुर्बीण घेऊन काठाने हिंडताना दिसली की गावात चर्चा होते.
- ड्रोन आणू नका. परवानगीचा वेगळा ताप आहे, आणि थवा उडतो तो वेगळाच.

4. पिशवीत काय

8x42 किंवा 10x42 दुर्बीण. दहा हजारांच्या आसपासची कामाला पुरते. स्पॉटिंग स्कोप गटात एक असला की झालं, पण त्याचा ट्रायपॉड हलका घेऊ नका, वाऱ्यात थरथरतो आणि टिलव्याचे पाय काळे की पिवळे ते कळत नाही. वही आणि पेन्सिल, कारण शाईचं पेन दवात दगा देतं. बोटात घालायचं जप मोजण्याचं यंत्र, पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. परदेशी टॅली काउंटर मागवायची गरज नाही. टोपी, पाणी, जुने बूट. चार्ज केलेला मोबाइल आणि पॉवर बँक. भडक कपडे नकोत.

5. ओळख: आधी हे जोडीदार वेगळे करा

पुस्तकातली सगळी पानं पाठ करू नका. खान्देशच्या काठांवर नेहमी दिसणाऱ्या डझनभर जाती आधी पक्क्या करा. रंगाच्या मागे लागू नका, हिवाळ्यात सगळेच राखाडी-भुरे असतात. पाय, चोच, चालण्याची ढब आणि उडताना पंखावर, कमरेवर दिसणारं पांढरं, या क्रमाने पाहा.

शेकाट्या आणि टिटवी कुणालाही जमतात. लांब गुलाबी पाय आणि काळे पंख म्हणजे शेकाट्या. टिटवीत मात्र थांबून बघा. डोळ्यापुढे लाल मांस आणि छातीवर काळं असेल तर ती नेहमीची लाल गालाची टिटवी. डोळ्यापुढे पिवळं मांस लोंबत असेल तर पिवळ्या गालाची, ती कोरड्या माळावर जास्त. नदीच्या वाळूवर काळी शेंडी, काळा गळा अशी टिटवी दिसली तर ती नदी टिटवी. जागतिक यादीत ती 'संकटसमीप' आहे, फोटो घ्याच.

आता कठीण जोड्या.

ठिपकेदार तुतवार आणि हिरवी तुतवार. दोन्हींची कंबर पांढरी. ठिपकेदार तुतवारची डोळ्यावरची पांढरी भुवई लांब, डोळ्यामागे गेलेली, पाय पिवळसर आणि पाठ ठिपक्यांनी भरलेली. हिरवी तुतवार गडद, जवळजवळ काळपट. भुवई डोळ्यापुढेच संपते. उडाली की हिरवीचे पंख खालून काळे दिसतात, ठिपकेदारचे फिके. स्वभावही वेगळा. हिरवी बहुधा एकटी, नाल्यात, पाटाच्या कडेला. ठिपकेदार चार-आठच्या घोळक्याने उघड्या चिखलात. ठिपकेदार उडताना "चिफ-इफ-इफ" करते. एकदा कान बसला की दुर्बीण लावायचीही गरज पडत नाही.

सामान्य तुतवार. कंबर पांढरी नाही. खांद्यापाशी, मिटलेल्या पंखाच्या पुढे, पोटाचं पांढरं पाचरीसारखं वर चढतं. मागचा भाग सतत वरखाली हलवत असते आणि पाण्याला लागून ताठ पंखांनी, थांबून थांबून फडफडत उडते. दगडी कडेलाही राहते, म्हणून शहरातल्या तलावावर ही एकटीच उरलेली दिसते.

छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा. मोठी भांडणं इथे होतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. पण पाय चिखलाने माखले की दोघांचेही काळेच, तेव्हा पायांवर विसंबू नका. पाठ पाहा: टेमिंकची पाठ सपाट राखाडी-भुरी आणि छातीवर तोच रंग पसरलेला, छोट्या टिलव्याची पाठ खवल्यांची आणि छाती मधोमध पांढरी. छोटा टिलवा घोळक्यात असतो, शिलाई मशीनची सुई चालावी तसा टकटक चोच मारत पळतो. टेमिंक एकटा-दुकटा, गवताच्या कडेने दबकत हळू चालतो.

कंठेरी चिखल्या आणि केंटिश चिखल्या. कंठेरीच्या डोळ्याभोवती पिवळं कडं आणि गळ्यात पूर्ण पट्टा. केंटिशचा पट्टा छातीच्या दोन बाजूंना तुटलेला, पाय काळपट. उडताना केंटिशच्या पंखावर पांढरी रेघ दिसते, कंठेरीच्या नाही.

ग्रीनशँक आणि मार्श सँडपायपर. ग्रीनशँक मोठा, चोच जाड आणि किंचित वर वळलेली. तीन सुरांत "त्यु-त्यु-त्यु" करत उडतो. मार्श सँडपायपर त्याचीच सडपातळ आवृत्ती, चोच सुईसारखी सरळ.

रफ आणि रेडशँक. नर रफचे पाय कधीकधी नारिंगी असतात आणि नवखा त्याला हमखास रेडशँक लिहितो. रफचं डोकं लहान, पोट मोठं, चोच आखूड, पाठीची पिसं खवल्यांसारखी. रेडशँक उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरा रुंद पट्टा झळकतो.

मालगुजा लांब सरळ चोचीचा, उडताना काळी शेपटी आणि पंखावर पांढरा पट्टा. हाही 'संकटसमीप' आहे. मार्चनंतर त्याच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो.

ओळख पटली नाही तर काय? "छोटा टिलवा किंवा टेमिंकचा टिलवा, 35" असं लिहा. "न ओळखलेले छोटे वेडर, 120" हेही चालतं. ते पक्षी तिथे होते ही माहिती खरी आहे. अंदाजाने एकाच जातीच्या खात्यात सगळे टाकले तर पुढे कुणालाही ती चूक पकडता येत नाही.

6. मोजणीची सकाळ

सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करा. जानेवारीत तापीकाठी धुकं असतं. धुक्यात मोजू नका, थांबा आणि किती वाजता निवळलं ते लिहा. दहानंतर चिखलावरून वाफेसारखी हवा हलायला लागते आणि स्कोपमधलं चित्र विरघळतं. म्हणजे हातात दोन-अडीच तास. थांब्यांचा क्रम असा लावा की ऊन पाठीमागे राहील. सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर प्रत्येक तुतवार हिरवीच दिसते.

पोचल्या पोचल्या पुढे धावू नका. लांब उभं राहून आधी दुर्बिणीने मोठे थवे मोजा, कारण पहिले उडणार तेच. मग छोटे. मग सावकाश पुढे. एक जण बघतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. दोघांनीही बघायचं नाही. प्रत्येक थांब्यावर ठरावीक वेळ द्या, पंधरा किंवा वीस मिनिटं, आणि पुढच्या महिन्यात तेवढीच.

आता गाळाबद्दल, कारण दरवर्षी कुणीतरी त्यात अडकतं. काळ्या मातीचा गाळ वरून वाळतो, त्यावर जाळीदार भेगा पडतात आणि तो पायवाटेसारखा दिसतो. त्यावर गुरांचे खूर उमटलेले असतील आणि खुरांत पाणी नसेल तरच पाय टाका. खूर नाहीत, भेगांच्या कडा वर वळलेल्या आहेत आणि काठीने टोचल्यावर ती हातभर आत जाते, तर तिथून मागे फिरा. गुडघ्यापर्यंत गेलेला बूट वर येत नाही, पाय तेवढा येतो. दुसरा धोका विजेचा. काठावरच्या मोटारींच्या केबल पाण्यातून, गवतातून टाकलेल्या असतात, जोड चिकटपट्टीने गुंडाळलेले. ओल्या पायाने त्या ओलांडू नका. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरण्याआधी पाणी सोडणार आहेत का ते विचारा.

7. थवा मोजणं

पन्नासपर्यंत एकेक मोजा. त्यापुढे दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यात भरा आणि ती "दहाची वाटी" थव्यावर पुढे पुढे सरकवत न्या. पाचशेच्या वर गेलं की पन्नासची वाटी. मिश्र थवा असेल तर आधी एकूण आकडा घ्या, मग थव्यातल्या तीन-चार वेगळ्या ठिकाणचे शंभरेक पक्षी जातवार मोजा आणि ते प्रमाण एकूण आकड्याला लावा. कडेचे पक्षीच मोजू नका. मोठे वेडर बहुधा पाण्यात आत आणि टिलवे कडेला असतात, त्यामुळे प्रमाण चुकतं.

मोठा थवा माणसाला नेहमी आहे त्यापेक्षा लहान वाटतो. घरी सराव करा: ताटात मूठभर ज्वारी टाका, पाच सेकंद बघा, आकडा सांगा, मग मोजा. आठवड्याभरात अंदाज सुधारतो. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र मोजून नंतर आकडे जुळवावेत. एकमेकांना ऐकू जाईल असं मोठ्याने मोजलं तर दुसरा नकळत पहिल्याच्याच आकड्याकडे झुकतो, आणि पहिला जर गटातला ज्येष्ठ असेल तर विचारायलाच नको.

भोवत्या (शिकारी पक्षी) किंवा कुत्रं आलं आणि थवा उठला तर घाबरू नका. हवेतल्या थव्याचा मोबाइलवर फोटो घ्या, घरी मोजता येतो. तो कुठे उतरला ते बघा. पुढच्या थांब्याच्या पट्ट्यात उतरला असेल तर तिथे पुन्हा मोजू नका. पायात रंगीत झेंडी किंवा कडं दिसलं तर बाकी सगळं थांबवा. रंग, पक्ष्याचा डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, आणि वाचता आलं तर अक्षरं. फोटोसह ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. स्वतः पक्षी पकडून कडं घालणं हे परवान्याचं काम आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

8. नोंदवहीत काय हवं

ठिकाण आणि थांबा. तारीख, सुरुवात आणि शेवटची वेळ. कोण बघत होतं, कोण लिहीत होतं. धुकं, वारा, ढग. पाणीपातळी. चिखलाची रुंदी. पट्टा पूर्ण मोजला की अर्धवट. गडबड किती होती: माणसं, गुरं, कुत्री, होड्या, जाळी, चालू मोटारी, वाळूचे ट्रॅक्टर. मग जातवार संख्या.

शून्यही लिहायचं. थांब्यावर गेलात, वीस मिनिटं थांबलात आणि एकही वेडर नाही, तर "0" लिहा आणि वेळ लिहा. पक्षी नसले की वही उघडायचीच नाही, ही सवय नवख्यांपेक्षा फोटोग्राफर मंडळींत जास्त.

नोंद त्याच संध्याकाळी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर, भरा. तिथे तीन गोष्टी सांभाळा. आकड्याऐवजी "क्ष" (X) टाकून पळवाट काढू नका, आकडा द्या. वेडर मोजायला गेला असलात तरी ओळखलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळा-साळुंकीसुद्धा, यादीत घ्या, म्हणजे ती "पूर्ण यादी" होते. आणि पाचही तलावांची एकच यादी करू नका, प्रत्येक जागेची वेगळी. पाणीपातळी आणि चिखल टिप्पणीच्या रकान्यात टाका. जातींची मराठी नावं गावोगाव बदलतात, म्हणून यादीतलं प्रमाण इंग्रजी नावच निवडा. वहीची पानंही फोटो काढून जपा.

9. जानेवारीची गणना

आशियाई पाणपक्षी गणना आपल्या उपखंडात 1987 मध्ये सुरू झाली. ती दरवर्षी जानेवारीत होते. भारतात वेटलँड्स इंटरनॅशनल आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिची जुळवाजुळव करतात. मोजणारे सगळे स्वयंसेवक. राज्याच्या समन्वयकाला आधी कळवा की अमुक जागा आम्ही घेतोय, नाहीतर एकाच तळ्यावर दोन गट आणि शेजारचं तळं ओसाड असं होतं.

पण फक्त जानेवारीवर थांबू नका. आपल्या भागात चिखल खरा उघडतो तो नंतर, हे वर आलंच आहे. सप्टेंबर ते एप्रिल दर महिन्याला एक मोजणी, शक्यतो महिन्याच्या त्याच आठवड्यात, एवढं जमलं तर तुमच्या जागेचं वर्ष हातात येतं.

10. उन्हाळ्यात हात आवरा

मार्चपासून तापीच्या वाळूवर आणि धरणाच्या खडकाळ कडेला कंठेरी चिखल्या, छोटा आर्ली, मोठा करवानक, नदी सुरय यांची वीण सुरू होते. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. पक्षी पंख मोडल्यासारखा लोळत, ओरडत पुढे पळत असेल तर तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावलावर पाऊल ठेवून मागे फिरा. खान्देशच्या उन्हात आईबाप दहा मिनिटं दूर राहिले तर अंड्यातला जीव भाजतो, आणि तुमच्या मागोमाग कावळे येतात ते वेगळंच. घरट्यांचे फोटो आणि नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. अंडी-घरट्यांना उपद्रव देणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लांबून जोड्या मोजा, वाळू उपसा चालू असेल तर तारीख-वेळेसह लिहा, बस.

11. आकड्यांचं पुढे काय

एका वर्षाच्या आकड्यावर पत्रक काढू नका. तुलना करायचीच तर त्याच महिन्याची त्याच महिन्याशी, आणि पाणीपातळी सारखी असेल तेव्हा. कल दिसायला पाच-सात वर्षं लागतात.

तोवर आकडे पडून राहत नाहीत. आपली बहुतेक पाणथळं सिंचनासाठी बांधलेली आहेत आणि 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनाची, पिण्याच्या पाण्याची मानवनिर्मित जलाशयं वगळलेली आहेत. म्हणजे कायद्याचं छत्र आयतं मिळत नाही. रामसर यादीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीसाठी, नियमित वीस हजार पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या संख्येच्या एक टक्का पक्षी असे निकष आहेत; शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर 2020 मध्ये त्या यादीत गेलं. असा कुठलाही दावा मांडायचा तर अनेक वर्षांच्या सलग नोंदी टेबलावर ठेवाव्या लागतात.

स्थानिक पातळीवर त्यांचा उपयोग लवकर होतो. तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा आला की चौफेर दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) आणि जॉगिंग ट्रॅक असतोच. पिचिंग झालं की उथळ कड संपते आणि सामान्य तुतवार सोडली तर बाकी वेडर जातात. त्या बैठकीत "पक्षी वाचवा" म्हणून काही होत नाही. "या दोनशे मीटरच्या कडेवर तीन हिवाळे एवढे वेडर मोजलेत, उरलेल्या काठावर जवळजवळ नाहीत, तेव्हा पिचिंग तिकडे करा आणि ही कड सोडा" असं थांब्यांच्या नकाशासह सांगितलं तर निदान ऐकून घेतात. गाळपेरीच्या बाबतीतही पाण्यालगतची काही मीटरची पट्टी न नांगरता ठेवण्याबद्दल शेतकऱ्याशी थेट बोलता येतं. त्याचं नुकसान फारसं नसतं, कारण ती पट्टी तशीही ओलीच असते.

शेवटची तयारी माणसांची. खान्देशातली पोरं शिकायला, नोकरीला पुण्या-सुरतेला जातात आणि त्यांच्याबरोबर जागेची मोजणीही बंद पडते. म्हणून पहिल्याच वर्षी दुसरा एक जण तयार करा, शक्यतो काठाच्या गावातलाच: शाळेतले गुरुजी, मासेमारी करणारा तरुण, गाळपेर करणाऱ्याचा मुलगा. थांब्यांचा नकाशा, फोटो, कोरे तक्ते, अर्जाची प्रत आणि पातळी कुणाला विचारायची तो नंबर, हे सगळं एका फाइलमध्ये घाला आणि ती फाइल गावातच ठेवा.